लहान मुलांना घेऊन समुद्रकिनारी तंबूत : दिवेआगर ते गुहागर (पुण्याहून) – बेत तपासून हवा आहे

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागाच काढतेय. आधी असा धागा निघाला असेल तर तिकडे हाकला, मला शोधून सापडला नाही.

आम्ही वारज्यात राहतो. मोठा सहा वर्षांचा, धाकटी अडीचची. नवऱ्याने दिवाळीच्या सेलमध्ये चार जणांचा तंबू घेतला आणि तो तेव्हापासून हॉलमध्ये उभा आहे. टीव्ही बघायचा तर तंबूला वळसा घालून जावं लागतं. मुलं त्यात जेवतात, भांडतात, दुपारची झोपतात, म्हणजे सरावाची काळजी नाही. आता तो हॉलमधून काढून समुद्रावर न्यायचाय.

बेत असा : दत्तजयंतीला जोडून रजा. पहिली रात्र दिवेआगर, दुसरी वेळास, तिसरी आंजर्ले, चौथी गुहागर आणि कुंभार्ली घाट चढून कराडवरून परत. मध्ये बागमांडला-वेसवी आणि दाभोळ-धोपावे अशा दोन फेरीबोटी, मोठ्याला त्यांचंच जास्त आकर्षण आहे. पौर्णिमा असल्याने चांदण्यात वाळूवर तंबू लावू असं डोक्यात आहे. जेवण थोडं स्वतः करायचं, थोडं खानावळीत. कुणी लहान मुलांना घेऊन असं केलंय का? काय न्यावं, काय टाळावं?

कोकणजावई
सासुरवाडी म्हसळ्याजवळ असल्याने बोलायचा अधिकार घेतो.

गावं सगळी उत्तम निवडलीत, पण चार रात्री चार गावं म्हणजे रोज तंबू पाडा, झटका, गुंडाळा, डिकीत कोंबा, फेरीबोटीच्या रांगेत उभे राहा आणि ऊन उतरायच्या आत पुन्हा उभा करा. अडीच वर्षांचं पोर या सगळ्यात कुठे बसवणार? सलग सुट्ट्यांना बागमांडल्याच्या धक्क्यावर गाड्यांची रांग कुठवर जाते ते एकदा बघा. बोटीत गाडी चढवायला मजा येते, रांगेत उन्हात बसायला येत नाही.

एकच गाव धरा. तुमच्या बाबतीत दिवेआगर. ताम्हिणीमार्गे साधारण १६०-१७० किलोमीटर, मुलांचे थांबे धरून पाच-सहा तास. चांदणी चौक पहाटे ओलांडा, म्हणजे माणगावची कोंडी व्हायच्या आत मोर्ब्याचा रस्ता धरता येतो. किनारा लांबलचक आणि सपाट आहे, पाठीला सुरूचं बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. बोटीची हौस असेल तर एका सकाळी श्रीवर्धनवरून बागमांडल्याला जा, बोटीत बसून वेसवीला उतरा, त्याच बोटीने परत या. गाडी नेऊच नका, नुसत्या माणसांना रांग नसते. जाताना आरावी-कोंडिवलीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता घ्या, त्याच्याइतका सुंदर रस्ता आमच्या तालुक्यात दुसरा नाही.

टण्या
+१. आणि ताम्हिणीच्या आधी मुलांना दूध पाजू नका. का ते विचारू नका.

चकलीताई
टण्या :)
आवळासुपारी आणि आलेपाक जवळ ठेवा. गाडीत मागे बसून मोबाईल बघणारं मूल घाटात हमखास ओकतं, खिडकीतून बाहेर बघणारं कमी ओकतं.

जुनाट
जावयांनी गावाचं काम केलं, मी मुहूर्ताचं करतो. पौर्णिमा सोडा.

फोटोत चांदणं छान दिसतं हे खरं, पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरतीचं पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीचं नेहमीपेक्षा खाली जातं. त्यातही सगळ्यात मोठं उधाण बहुधा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. आता वेळ बघा. कोकणातला जुना हिशोब : तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही पोरांना थोपटून झोपवाल, स्वतः पाठ टेकाल, आणि नेमका तेव्हा समुद्र महिन्यातल्या त्याच्या सगळ्यात वरच्या रेघेकडे निघालेला असेल. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे बाराच्या पुढे. रोज साधारण पाऊण तासाने पुढे.

त्यापेक्षा आठवडाभर थांबा आणि वद्य सप्तमी-अष्टमी धरा. तेव्हा भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी. अष्टमीची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं, दुपारी बाराला पूर्ण ओसरलेलं, रात्री बाराला पुन्हा ओसरलेलं. तुम्ही झोपाल तेव्हा समुद्र मागे हटत असेल. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवेल, त्यामुळे संध्याकाळी काळोख मिळेल. पूर्वेला कृत्तिका, रोहिणी आणि मृग पोरांना बोटाने दाखवता येतील. पौर्णिमेच्या उजेडात ते इतके ठळक दिसले नसते.

चौकस
जुनाटकाका, सूत्र पाठ केलं. पण शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना तेच का? आणि गुहागरलाही तेच?

जुनाट
दोन्ही पक्षांना तेच. चंद्र डोक्यावर असो की पायाखाली, पाणी दोन्ही वेळी फुगतं, म्हणून तर दिवसातून दोन भरत्या. जागेनुसार फरक पडतो, अर्धा तास इकडेतिकडे धरून चाला. हे ठोकताळ्याचं गणित आहे, निघण्याआधी भरतीच्या तक्त्यात नेमकी वेळ बघून घ्यायचीच. आणि हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर जाणार असाल तर मुंबईच्या पाव्हण्यांसारखे घड्याळ न बघता जाऊ नका. ती वाट ओहोटीचीच आहे, खडकावरून माणसं ओढली गेली आहेत तिथे. अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन तर नकोच, देवळात दर्शन घ्या आणि परत फिरा.

सह्याद्रीचा_वारा
पण काका, भांगाला जाऊन किनाऱ्यावर तंबूच लावायचा नसेल तर काय मजा? आम्ही मित्र नेहमी पौर्णिमेलाच जातो, वर कोरड्या वाळूत तंबू लावतो, आजवर काही झालं नाही.

जुनाट
मित्र पळू शकतात. अडीच वर्षांची मुलगी झोपेत असते.

पाऊसवेडी
सगळ्यांचे आभार! नवऱ्याला वाचून दाखवलं. तो थोडा हिरमुसला (चार गावांचा नकाशा त्यानेच काढला होता), पण तारीख बदलली आणि गावही एकच ठेवलं. आता तंबू नेमका कुठे लावायचा? वाळूवर, सुरूच्या बनात की कुणाच्या वाडीत?

कोकणजावई
वाडीत. डोळे मिटून वाडीत.

सुरूचं बन पुष्कळ ठिकाणी वनखात्याचं असतं, वाळूवर रात्री राहायला ग्रामपंचायत कधी हो म्हणते, कधी नाही. आधी पंचायतीत विचारावं लागतं. आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासचा कासव महोत्सव सगळ्यांना माहीत आहे, पण माद्या फक्त वेळासलाच येत नाहीत. रात्री किनाऱ्यावर दिवे, शेकोटी, गाणी असली की मादी अंडी न घालता पाण्यात परत जाते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. आपली कॅम्पिंगची हौस आणि तिचं बाळंतपण एकाच हंगामात येतं, तर आपण दोन पावलं मागे सरकावं.

घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांना फोन करून विचारा : मागच्या वाडीत तंबू लावू देता का, न्हाणीघर आणि संडास वापरू द्याल का? बरेच जण आनंदाने देतात. खोलीपेक्षा कमी पैसे घेतात, शिवाय सकाळी घावन मिळतात. फक्त जागा निवडताना वर बघा. नारळाखाली तंबू लावू नका. नारळ पडतो तो पडतोच, पण वाळलेली झावळीही अंगावर आली तर मोठ्या माणसाचं डोकं फुटतं. २०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या पट्ट्यातल्या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या. त्यामुळे काही वाड्यांत अजून नवी, बुटकी झाडं आहेत. त्यातली मोकळी जागा मागा.

सह्याद्रीचा_वारा
वाडीत तंबू आणि शेजारी कमोड! मग घरीच राहा की. हलके घ्या.

चकलीताई
हलकं घेतलं. पण रात्री दोन वाजता "आई, शी" म्हणणारं मूल घेऊन टॉर्चच्या उजेडात वाळू उकरून बघ, मग बोलू.

मीठभाकर
आम्ही एका तयार कॅम्पसाइटवर गेलो होतो, नाव घेत नाही. जाहिरातीत "निसर्गाच्या कुशीत" होतं. प्रत्यक्षात तंबूला तंबू खेटून, रात्री दीडपर्यंत जनरेटर आणि स्पीकर, आणि आमच्या तंबूच्या मागच्या बाजूला रिकाम्या बाटल्या. मुलगी रात्रभर कानांवर हात ठेवून झोपली. तेव्हापासून माझंही मत वाडीच्याच बाजूने. बुकिंग करताना "रात्री स्पीकर किती वाजेपर्यंत?" हा प्रश्न पहिला विचारायचा. समोरचा उत्तराआधी हसला तर फोन ठेवायचा.

डॉक्टर_बालगंध
बालरोगतज्ज्ञ आहे म्हणून चार शब्द. निदान, औषधाचे डोस इथे विचारू नका, मी देत नाही.

पाण्याबद्दल आधी. तुमच्या गुडघ्याइतकं पाणी म्हणजे अडीच वर्षांच्या मुलीच्या कमरेपर्यंत. मोठ्या माणसाचा हात सतत पोहोचेल इतक्या अंतरावर ती असली पाहिजे, आणि "आपण दोघं बघतोय" असं म्हणू नका. दोघं बघत असले की कुणीच बघत नाही. एकाने बघायचं, वेळ ठरवून दुसऱ्याकडे द्यायचं. हवा भरलेल्या रबरी चकत्या, बदकं समुद्रात नकोत. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो, तेव्हा चकतीत बसलेलं मूल तुमच्या डोळ्यांदेखत आत सरकत जातं. मापाचं लाइफ जॅकेट घ्या. पाण्यात उतरायचं ते भरती चढत असताना. ओहोटीला पाणी आत खेचतं.

जेलीफिश दिसली तर मेलेली असली तरी हात लावू देऊ नका. डंख झाला तर चोळायचं नाही, गोड्या पाण्याने धुवायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा जाड कापडाने काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. श्वास लागला, ओठ सुजले, मूल मलूल झालं तर थांबू नका, १०८ ला फोन.

सनस्क्रीन, टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. ओआरएसची पाकिटं, नेहमीचं तापाचं औषध, थर्मामीटर. संध्याकाळी चिलटं आणि डास फार, दिवेलागणीच्या आधीच मुलांना लांब पायजमे चढवा. डास पळवायचं मलम मुलांच्या हातांच्या पंजांना लावू नका, तेच हात डोळ्यात जातात.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मुलांना वाळूत त्यांच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा किंवा बोगदा करू देऊ नका. कडा ढासळली की मूल आत दबतं आणि वाळू उपसणं वाटतं तितकं सोपं नसतं.

लाल_डबा
आमच्या लहानपणी स्वारगेटहून श्रीवर्धनची एसटी पकडायचो, वळकटी टपावर, काकांच्या ओटीवर पथारी. ना लाइफ जॅकेट, ना सनस्क्रीन. कुणाला काही झालं नाही.

चकलीताई
ज्यांना झालं ते इथे लिहायला नाहीत हो काका.

लाल_डबा
हे मात्र बरोबर बोललात.

चकलीताई
बरं, जेवणाचं कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. पहिल्या दिवसाला दशम्या करून न्या, दुधात भिजवलेल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-तूप. तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस चांगल्या राहतात. मेतकूट आणि तूप एका डब्यात घाला, कुठेही गरम भात मिळाला की मुलांचं जेवण झालं. थालीपिठाची भाजणी न्याल तर तवा न्यावा लागेल. मी नेते, पण माझं ऐकू नका. दुपारी मात्र खानावळीतच जेवा. त्या वेळी स्टोव्ह पेटवणं म्हणजे स्वतःला शिक्षा.

सह्याद्रीचा_वारा
स्टोव्हबद्दल गंभीरपणे सांगतो. गॅसचा डबा लावायचा छोटा स्टोव्ह असेल तर वाऱ्याला आडोसा लागतोच, नाहीतर चहाला अर्धा तास. पण आडोसा म्हणून तंबूत नेऊ नका. आग लागायची भीती वेगळी, बंद जागेत विषारी वायू साठतो तो कळतही नाही. निखाऱ्यांची शेगडीही नको. गॅसचे डबे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

आणि चूल पेटवलीच तर निखाऱ्यांवर वाळू ढकलून निघून जायचं नाही. वरून दिसत नाहीत पण वाळूखाली कित्येक तास गरम राहतात, सकाळी अनवाणी पोर त्यावर पाय देतं. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता.

वाळूत तंबू लावायची वेळ आलीच तर तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या कामाच्या नाहीत, पहिल्या झोताला निघतात. जुन्या कापडी पिशव्या वाळूने भरा, तोंड दोरीने आवळा, हातभर खोल आडव्या पुरा आणि त्यांना तंबूचे ताण बांधा. जागा कशी ओळखायची? किनाऱ्यावर वाळलेल्या काटक्या, शेवाळ, थर्माकोलचे तुकडे यांची एक रेघ दिसते, ती कालच्या भरतीची. तिच्या वर अजून एक जुनी, फिकट रेघ असते, ती उधाणाची. तंबू त्या दुसऱ्या रेघेच्याही वर.

कोकणजावई
वारा, आता खरं बोललास. सगळं मान्य.

पाऊसवेडी
जाऊन आलो! वृत्तांत लिहायला उशीर झाला, परत आल्यावर कपडे धुण्यातच आठवडा गेला.

वाडीतच राहिलो. घरमालकीण काकूंनी आधी तंबूकडे, मग आमच्याकडे बघून "खोली रिकामी आहे हो, तसंच का झोपताय?" असं दोनदा विचारलं. मग त्यांच्या सासूबाई येऊन तंबूत बसून गेल्या, त्यांना आवडला. वाडीच्या टोकाला फाटक, फाटकापुढे सुरूचं बन, त्यापलीकडे समुद्र. धाकटीला चालवत नेलं तरी पाच मिनिटं.

तिचं सांगायचं तर पहिला पूर्ण दिवस ती ओल्या वाळूवर पाय ठेवायला तयार नव्हती. कोरड्या वाळूत खेळायची, ओली आली की कडेवर. दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला छोट्या खेकड्यांनी बिळांभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या मांडून ठेवल्या होत्या, नक्षीसारख्या, हजारो. त्या बघायला ती खाली उतरली आणि मग संध्याकाळपर्यंत वर आली नाही. खेकडा दिसला की ही ओरडायची, तो बिळात, ही वाट बघत उकिडवी. अर्धा पाऊण तास एका बिळापाशी. आम्ही समोर बसून शेंगदाणे खाल्ले.

मोठ्याने वेगळंच काढलं. नवऱ्याने त्याला खारे वारे आणि मतलई वारे सांगितले होते, तर त्याने तंबूच्या दोरीला माझा लाल रुमाल बांधला. संध्याकाळी रुमाल गावाकडे फडफडत होता. रात्री जेवून आलो तेव्हा मलूल लटकला होता. पहाटे त्याने मला हलवून उठवलं, रुमाल समुद्राकडे वळला होता. मग त्याने हे काकूंना, सासूबाईंना, दूधवाल्याला आणि वेसवीच्या बोटीतल्या तिकीटवाल्याला सांगितलं. तिकीटवाला म्हणाला, "आम्हाला माहीत आहे."

जुनाटकाका, सहाचं गणित बरोबर आलं, दहा-पंधरा मिनिटांचा फरक. दुपारी तीननंतर पाणी चढत असताना पाण्यात, सूर्य टेकला की बाहेर, असा क्रम ठेवला. मृग दाखवला. मुलाने बाण ओळखला, मुलीने विमान.

थंडी पुण्याइतकी नव्हती, पण दव! सकाळी तंबूचं बाहेरचं कापड निथळत होतं, आम्हाला वाटलं पाऊस पडला. पहिल्या रात्री वाऱ्याच्या भीतीने जाळीच्या खिडक्या बंद ठेवल्या तर आतूनही थेंब पडले, दुसऱ्या रात्री उघड्या ठेवल्यावर कोरडं. हे कुणीतरी लिहून ठेवा. आणि मेतकूट-भाताने खरंच तारलं, चकलीताई. तुमचा तवा मात्र नेला नाही.

चकलीताई
वा! आणि पायाची वाळू कशी काढलीत? आम्ही टाल्कम पावडर लावतो, कोरडी वाळू झटकन सुटते.

डॉक्टर_बालगंध
लहान मुलांजवळ टाल्कम उधळू नका, श्वासात जाते. कॉर्नफ्लोअर वापरा, तेच काम करतं.

चौकस
वाचनखूण साठवली. पण परत आल्यावर तंबूचं काय केलंत? माझ्या मित्राच्या तंबूची चेन खाऱ्या हवेने दुसऱ्याच खेपेला अडकली.

पाऊसवेडी
गच्चीत उभा करून गोड्या पाण्याने पूर्ण धुतला, सावलीत दोन दिवस वाळवला. चेनमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढली. तरी एक बाजू जरा अडखळतेय.

जुनाट
चेनीवर मेणबत्ती घासा. आणि नीट वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका, बुरशीचा वास कशानेही जात नाही.

चौकस
धन्यवाद काका. पाऊसवेडी, काकूंचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? फेब्रुवारीतली वद्य अष्टमी बघून ठेवली आहे.

पाऊसवेडी
त्यांना विचारून करते. त्यांनी परवा फोन केला होता, आधी एक रुमाल आणि दोन चमचे पाठवायचेत म्हणाल्या.